चपलांचा हिशेब

नववी ब, तिसरा तास.
फळ्यावर मी अमेरिकेचा नकाशा काढला,
तो यंदाही जरा म्हशीसारखाच झाला.
"बाई, शिंगं राहिली की," मागून कुणीतरी.
शिंगं काढली नाहीत. पोटाखाली, दक्षिणेला,
खडूचा एक ठिपका दिला: मॉन्टगोमेरी.

पुस्तकात चार ओळी आहेत.
पुढची बाकं गोऱ्यांची, मागची काळ्यांची,
आणि एके दिवशी काळ्यांनी ठरवलं,
आता या बसला शिवायचंच नाही.
तीनशे एक्याऐंशी दिवस माणसं पायी कामाला गेली.
आकडा मी फळ्यावर लिहिला, मुलांनी वहीत उतरवला.
आकडे उतरवताना मुलं फार आज्ञाधारक असतात.

भरमाण्णा पाखरेचा हात वर.
त्याच्या काकांनी मोर्चात लाठी खाल्लेली,
पाऊस येणार असला की घरात त्याची गोष्ट निघते.
"आमच्यासारखंच की बाई हे.
आमच्या बसवर आमच्या भाषेत पाटी नाही."
"तुला येतंय की वाचाय," कस्तुरी हिरेमठ म्हणाली,
"कन्नडात माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त हायत तुला."
वर्ग हसला. भरमाण्णाही हसला.
मी घड्याळाकडे बघितलं.
हा विषय निघाला की मी घड्याळाकडे बघते,
एकोणीस वर्षं झाली.

मग खिडकीजवळून अंबिका समगार उठली,
बाक वाजू न देता.
ती महिन्यातून एकदा बोलते.
"बाई, इतके दिवस चालले
तर चपला किती झिजल्या असतील?
शिवून कोण देत होतं?
पैसे घेत होतं, का तसंच?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.
आकड्याखाली तिचा प्रश्न लिहायला घेतला
आणि खडू अडला.
शिवणं.
टाका घालायलाही तोच शब्द आपल्याकडे
आणि हात लागण्यालाही.
तिचा बाप नंदगड रोडच्या पिंपळाखाली
अख्ख्या गावाच्या चपला शिवतो.
समोरच्या हॉटेलात त्याचा कप
बाहेरच्या खांबाला, खिळ्यावर.
मला तो दिसतो. रोज पाचच्या बसची वाट बघत
मी तिथंच चहा घेते. आत बसून.

शनिवारी सकाळची शाळा. चावडीच्या भिंतीत
एक दगड आहे, दर दिवाळीला चुना फासून
आंधळा केलेला. ओल्या गोणपाटानं
पोरांनी तो घासला, नखांनीसुद्धा.
या गावातून एकतीस जण महायुद्धावर गेले.
चौघांनी प्राण दिले.
बास. कुठं, कुणासाठी, कुणाशी, दगड बोलत नाही.
मी नकाशा उघडून बसऱ्यावर बोट ठेवलं,
म्हटलं, बहुधा इथं.
"तिकडं माझा मामा गाडी चालवतोय,"
परशराम म्हणाला. "लई उष्ण असतंय म्हणं."

अंबिकानं कागद लावून कोळसा घासला.
अक्षरं उलगडत वर आली.
बराच वेळ बघून म्हणाली,
"नावं नाहीत.
एकतीसमध्ये कोण कोण होतं
ते आकड्यात कळत नाही की बाई."
आणि कागदाची सुरळी करून
ओढणीच्या टोकानं बांधली.

त्या दिवशी हॉटेलात मी म्हटलं,
गुरुसिद्धा, मला त्या कपात दे,
खिळ्यावरच्या.
तो हसला. बाई मास्तर, चेष्टा करतायसा काय.
मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.
स्टीलच्या ग्लासातला चहा, नेहमीसारखा गोड,
मी संपवला.

बस आली. दारात गर्दी,
कंडक्टर ओरडत होता, मुंद होग्री, मुंद होग्री,
पुढं सरका.
पुढची एक सीट रिकामी होती.
खानापूर येईपर्यंत मी उभीच राहिले,
चपलेचा अंगठा केव्हाचा सुटत आला होता.